घासलेल्या शिवराया

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नीलने मी पाठवलेलं तांब्याचं नाणं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि विचारलं, आजी, हे फार काळं पडलंय, कशाने साफ करू? मागून अनया त्याला टूथपेस्ट सुचवत होती. मी एवढ्या जोरात ‘नको’ म्हणाले, की तुमची आई हातातलं काम टाकून पडद्यावर डोकावली. मग मी हवापाण्याचं काहीतरी विचारून विषय बदलला. त्या ‘नको’च्या मागे काय आहे ते सांगायचं राहून गेलं, आणि खरं म्हणजे ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तोंडी सांगायला गेले तर स्वतःला सांभाळून सांगेन अशी भीती वाटते. म्हणून लिहायला बसले आहे.

आधी नीलच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, कारण प्रश्न तसाच ठेवून पुढे जाणं मला जमत नाही. जुनं नाणं घासायचं नसतं. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पूड, खाण्याचा सोडा, यातलं काहीही त्याला लावायचं नाही. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर बुडवून ठेवायचं, पाणी बदलायचं, पुन्हा ठेवायचं. माती आपली आपण सुटली तर ठीक, नाही सुटली तर राहू द्यायची. बाहेर काढल्यावर पुसायचं नाही, मऊ सुती कापडावर ठेवून नुसतं टिपायचं. हातात धरायचं ते कडेने, दोन बोटांत. तो जो काळसर तपकिरी थर दिसतो तो मळ नव्हे, ती नाण्याची कातडी आहे. दोन-तीनशे वर्षांत ती चढते आणि नाणं जाणणारा माणूस आधी तीच बघतो. तुझ्याजवळचं नाणं मात्र नील, तू कसंही धुतलंस तरी त्याचं आता काही बिघडणार नाही. ते एकदा घासून झालेलं आहे. त्यावरचा आजचा काळेपणा जेमतेम साठ वर्षांचा आहे.

आमचं घर घोटावडे गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत होतं. पुढे भाताची खाचरं, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे एक रिकामा गोठा. आज त्या खाचरांत माझ्या भाच्याने, म्हणजे भावाच्या मुलाने, तीन मजली इमारत बांधून कारखान्यातल्या मुलांना खोल्या भाड्याने दिल्या आहेत आणि संध्याकाळी गॅलऱ्यांमधून वाळत घातलेले युनिफॉर्म दिसतात. तेव्हा तिथून बेडूक आणि बगळे सोडून कोणी आमच्याकडे बघत नसे. सकाळी जाग यायची ती पिठाच्या गिरणीच्या पुकपुक आवाजाने. मग आईचा भाकरी थापण्याचा आवाज, मग आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खाकरणं. जेवणात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, बुधवारी सुकटाची चटणी. आंबेमोहोर आमच्याच खाचरांत पिकायचा, पण तो पुण्याला विकायला जायचा. आम्हाला त्याची कणी. कण्यांची पेज उकळताना घरभर जो वास सुटायचा, त्यावरून वाटेवरचा माणूससुद्धा म्हणायचा, काय मजा आहे बुवा तुमची.

त्या घरात माझी आत्या राहायची. आबांची धाकटी बहीण, हौसाआत्या. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली आणि परत गेली नाही. तिला कोणी छळलं नाही, आई वाईट बाई नव्हती. पण आमटीची पळी आईच्या हातात असायची, आणि आत्या ताट पुढे करताना नेहमी आधी ‘लई नको वयनी’ म्हणायची. भूक असली तरी म्हणायची. मला ते तेव्हा फक्त ऐकू यायचं, समजायचं नाही. दिवसभर ती शेतात माणसाच्या दुप्पट राबायची आणि संध्याकाळी त्या रिकाम्या गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. तिच्या मनात एकच होतं: आपली स्वतःची एक दुभती म्हैस असावी, ती त्या गोठ्यात बांधावी, आपणही तिथेच चूल मांडावी, आणि घरोघर दूध घालून आपलं आपण कमावून खावं. आबा गमतीने म्हणायचे, “तू म्हस आन, गोटा तुझा.” ती हसायची नाही. ती ते बोलणं लक्षात ठेवायची.

तिच्या पेटीत एका खणाच्या तुकड्यात बांधलेली नाणी होती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, लग्नात तिच्या ओटीत घातलेली. बहुतेक शिवराया, तांब्याच्या, जाड, वेड्यावाकड्या कडांच्या; एका बाजूला शिवाजी महाराजांचं नाव, दुसरीकडे ‘छत्रपती’. लक्ष्मीपूजनाला आबांच्या डब्यातले चांदीचे रुपये चिंच-राखेने घासून पाटावर मांडले जायचे, पण आत्या आपलं गाठोडं बाहेर काढत नसे. आईने एकदा विचारलं तर म्हणाली, “ती देवाची न्हाईत. माजी हायेत.”

मी तेव्हा पुण्यात मुलींच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात होते. आबांचा तांदूळ घेणाऱ्या एका बाईंनी हट्ट धरून मला तिथे घातलं होतं. आबांना ते कधी पूर्ण पटलं नाही. दर जूनला ते म्हणायचे, एवढं वर्ष बास. दर जूनला त्या बाई निरोप धाडायच्या आणि मी पुन्हा ट्रंक भरायचे. वसतिगृहात मला दोन गोष्टी शिकवल्या गेल्या, इंग्रजी आणि टापटीप. शनिवारी आम्ही दारांच्या पितळी मुठी पांढऱ्या पुडीने चमकवायचो आणि ज्या मुठीत वसतिगृहाच्या बाईंना आपला चेहरा दिसेल त्या मुलीला शाबासकी मिळायची. मला ती बहुतेक शनिवारी मिळायची. सुटीत घरी आले की मी आईच्या फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावायचे आणि आई ते पुन्हा आपल्या सोयीने लावायची. तुम्ही मला चमच्यांच्या खणावरून चिडवता. ती खोड तेव्हाची आहे.

दिवाळीच्या सुटीत पुण्याचे एक वकील आबांकडे तांदूळ न्यायला आले. जुन्या नाण्यांचा त्यांना नाद होता. जातील तिथे विचारायचे. आत्या दाराआड उभी राहून ऐकत होती. तिने पेटी उघडून दोन शिवराया आणल्या आणि आबांच्या हातात न देता थेट वकीलसाहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी रुमाल पसरला, खिशातून भिंग काढलं आणि दोन्ही नाणी उलटसुलट करून पाहिली. एका नाण्यावर काठाच्या ठिपक्यांची ओळ पूर्ण होती आणि अक्षराचं वळण निराळं होतं. ते म्हणाले, पुस्तकात पाहून कळवतो, बाकीची सगळी एकत्र बघायला पुन्हा येतो. पण वाटतं तसं असेल तर या बाईंना चांगली दुभती म्हैस घेऊन वर दोन पैसे उरतील. म्हशीचं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे, बहुधा आबांनीच थट्टेत. आत्या पदर सावरून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती शेजारच्या भरे गावी गेली, एका ओळखीच्या घरी म्हैस बघायला.

ती म्हैस मला अजून दिसते. शिंगं मागे वळलेली, कपाळावर पांढरा चांद. आत्याने तिच्या कासेवरून हात फिरवला, दात पाहिले, चालवून पाहिली, आणि मग काही कारण नसताना तिच्या मानेला टेकून उभी राहिली. म्हशीचा मालक म्हणाला, “हौसाबाय, म्हस घ्यायला आलीयास का सोयरीक करायला?” आत्या म्हणाली, “सोयरीक एकदा केली. आता म्हसच बरी.” येताना ती सगळ्या वाटेने बोलत होती. गोठ्याचं छप्पर कुठे गळतं, चूल कोणत्या कोपऱ्यात, पहिलं दूध कोणाकडे घालायचं. इतकं बोलताना मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं.

आठवड्याने वकीलसाहेबांचं पत्र आलं, टाइप केलेलं, इंग्रजी. आमच्या घरात इंग्रजी पत्र आलेलं ते पहिलं. आबांनी शेजारच्या दोघांना मुद्दाम बोलावलं आणि मला ओट्यावर उभं करून वाचायला लावलं. माझ्या शिक्षणाचा त्यांना अभिमान वाटलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. मी मोठ्याने इंग्रजी वाचलं, मग मराठीत सांगितलं: रविवारी सकाळी येत आहेत, पैसे घेऊनच येत आहेत. पत्रात आणखी एक वाक्य होतं. ‘नाणी साफ करण्याची तसदी कृपया घेऊ नये, आहेत तशीच पाहायला आवडतील.’ ते मी शेजाऱ्यांसमोर सांगितलं नाही; नाणी मळकी आहेत असं चार लोकांत म्हटल्यासारखं वाटलं. नंतर आत्याला एकटीला सांगितलं.

ती थबकली. “घासू नका म्हनतोय व्हय?”

मी तिला समजावलं. आमच्याकडे पाहुणा कधी मला भूक आहे असं म्हणत नाही. तो म्हणतो, काही करू नका हं, चहासुद्धा नको. आणि आपण ते खरं मानून गप्प बसलो तर गावभर आपली शोभा होते. पाहुण्याने नको म्हणायचं आणि घरच्यांनी करायचं, यातच दोघांचा मान. मी तोच कायदा इंग्रजी पत्राला लावला. वर माझ्या शाळेची मोहर उमटवली. म्हणाले, “आत्या, सभ्य लोक असंच लिहितात. आम्हाला शाळेत पत्रलेखन शिकवलंय.”

ती तरीही एकदा म्हणाली, “खरंच नगं आसंल तर?”

“मग ‘तसदी’ कशाला लिहिलं असतं?” मी म्हणाले.

तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. “तुला कळतं तसं कर,” म्हणाली, आणि विळा घेऊन भात कापायला गेली.

विहिरीजवळच्या धोंड्यावर मी दुपारभर बसले. आधी चिंचेचा कोळ आणि मीठ, मग चुलीतली राख, नारळाच्या शेंडीने. पाणी हिरवं-काळं होऊन धोंड्यावरून ओघळत होतं आणि मला प्रत्येक थेंबाचा आनंद होत होता. एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पण माझ्या ट्रंकेत वसतिगृहातली ती पांढरी पूड होती. तिने एकेक नाणं मी मुठीसारखं चमकवलं. अक्षरांच्या कडा जरा गुळगुळीत झाल्या, ठिपके बसले, तेही मला नीटनेटकं वाटलं. तांबं नुकत्याच जावळ काढलेल्या बाळाच्या डोक्यासारखं गुलाबी दिसायला लागलं. संध्याकाळी मी ती पांढऱ्या रुमालावर मोठी वर, लहान खाली अशी ओळीने मांडली. आत्या शेतातून आली, तिने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, “माज्या आयची हायेत असं वाटंना.” मला ती स्तुती वाटली.

रविवारी वकीलसाहेब आले. आईने पोहे केले होते, वर खोबरं. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि मग मी रुमाल आणून त्यांच्यापुढे उघडला. ते रागावले नाहीत. त्यांनी भिंग काढलं होतं, ते नाण्यावर न धरताच खिशात परत ठेवलं. मला आठवतं ते एवढंच, त्या भिंगाचं खिशात परत जाणं. ते हळू आवाजात म्हणाले, “माझं पत्र मिळालं नाही का?”

“मिळालं की,” आबा म्हणाले. “पोरीनं तर वाचलं.” मग माझ्याकडे वळले. “काय लिव्हलं व्हतं गं त्यात?”

मला उत्तर येत होतं. ते वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं, आजही आहे. शेजारचे ते दोघे पुन्हा येऊन बसले होते. मी आबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि रुमालाची कड सरळ करायला लागले.

दारातून आत्या म्हणाली, “पत्राचा काय संबंद? म्याच घासली. दिवाळीला घासतो तशी.”

आबा कपाळावर हात मारून हसले. वकीलसाहेबांना म्हणाले, “अडानी बाई हाय साहेब. माफी करा.” वकीलसाहेबांनी मग शांतपणे समजावून सांगितलं, मी वर नीलला सांगितलं तेच: ती कातडी होती, ती आता येणार नाही, कोणत्याही जाणकाराला ही नाणी आता नको असतील. बाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी तांब्याच्या भावाने घेण्याची तयारी दाखवली. आत्याने रुमाल उचलला. “नगं,” म्हणाली. “आयची हायेत.” त्यांनी ठरलेला तांदूळ घेतला आणि ते गेले.

भऱ्याला जाऊन म्हैस नको म्हणून सांगायचं काम आत्यानेच केलं. चालत गेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, येतीस का? मी म्हणाले, मला अभ्यास आहे. अभ्यास नव्हता, सुटी होती.

त्या दिवसापासून हौसाआत्या आमच्या घरात एक विनोद होऊन बसली. दर दिवाळीला भांडी निघाली की कोणीतरी म्हणायचंच, “हौसे, तू बस बाजूला, न्हाईतर देव पन घासून टाकशील.” सगळे हसायचे. आत्या चूल फुंकत राहायची. आणि मीही हसायचे. ही गोष्ट लिहिताना मी तीनदा खोडली, पण ती तशीच आहे. मी हसायचे, कारण नाहीतर न हसणारी मी एकटीच दिसले असते.

मी शिकले. मॅट्रिक झाले, पुण्यात कॉलेज केलं, इंग्रजीची शिक्षिका झाले, तुमच्या आजोबांशी लग्न झालं. लग्नात आत्याने तो खणाचा तुकडा नाण्यांसकट माझ्या ओटीत घातला. मी शहारले; लोकांना वाटलं सासरी जाणार म्हणून. पुढे एकदा सुटीत आम्ही दोघीच ओट्यावर तांदूळ निवडत होतो, तेव्हा मी शेवटी विचारलं, आत्या, तू त्या दिवशी खोटं का बोललीस?

तिने सूप पाखडणं थांबवलं नाही. “तुज्या बापानं त्याच दिवशी तुजी पुस्तकं चुलीत घातली आस्ती. दर जूनला निमित्तच बगत व्हता त्यो.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “म्हशी काय, ढीगभर हायेत.”

मी म्हणाले, मी आबांना आता सांगते. ती म्हणाली, “आता सांगून काय करतीस. ऱ्हाऊ दे.” आणि मला सुटल्यासारखं वाटलं. कारण ते सुटणं मला हवंच होतं. पाहुणा नको म्हणाला तरीही करायचं असतं, हा कायदा त्या दिवशी मी सोयीने विसरले.

त्यानंतर मला वीस वर्षं पगार मिळत होता आणि ती हयात होती. एखादी म्हैस घेणं मला सहज जमलं असतं. मी तिला दर दिवाळीला साडी नेली, एकदा स्वेटर, एकदा चष्मा करून दिला. म्हैस नेली असती तर का, हे आबांना सांगावं लागलं असतं. ती गेली तेव्हा आईच्याच स्वयंपाकघरात, आईच्याच चुलीजवळ तिचं अंथरूण होतं. गोठा तोवर पडला होता.

माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर लवळ्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली भाड्याने राहतात. परवा त्यातल्या एकीने विचारलं, आजी, तुमच्या काळात एवढं शिकलात, घरचे फारच पुढारलेले असणार ना? मी हो म्हणाले. सवय झाली आहे.

पण गेल्या दिवाळीला मी जुन्या घरी गेले होते. सुना तांब्याची भांडी घासत होत्या, आणि माझा भाचा, ज्याने हौसाआत्याला नीट पाहिलंही नाही, आपल्या मुलीला म्हणाला, “हौसाआजीवानी करू नको हां, लक्ष्मी घासून जाईल.” मुलगी खुदकन हसली. आबा नाहीत, आई नाही, ते शेजारी नाहीत, तो वकील नाही. आणि ती अडाणी बाई मात्र अजून तिथे आहे, आता चौथ्या पिढीत. ती मी तिथे ठेवली आहे.

म्हणून या पानांच्या दोन प्रती केल्या आहेत. एक तुम्हाला, एक भाच्याला, दिवाळीच्या आत पोचेल अशी. त्याला लांबलचक वाचायचा कंटाळा आहे, तेव्हा त्याच्यासाठी शेवटी थोडक्यात लिहिते. पत्र मी वाचलं होतं. त्यात काय लिहिलं आहे ते मला समजलं होतं. नाणी मी घासली. हौसाआत्या त्या वेळी भात कापत होती.